स्टोअरला वस्तू नाही, वॉर्डातली कपाटं फुल्ल

भांडारी
नऊ वर्षं रुग्णालयाचं स्टोअर सांभाळतोय. १८० खाटा, चार ऑपरेशन थिएटर (ओटी), एक आयसीयू. वरून आदेश आलाय की या वर्षी साहित्याचा खर्च दहा टक्क्यांनी खाली आला पाहिजे. डिस्पोजेबल, औषधं, इम्प्लांट, सगळं धरून. कसा आणायचा हे अर्थातच आदेशात नाही.

दर घासून झालेत. पुरवठादारांना तीन-तीनदा बोलावून झालं, आता ते मला बघितलं की आधीच हात जोडतात. म्हणून म्हटलं, आपल्याच घरात काय चाललंय ते बघू.

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला आयसीयूतून फोन आला, थ्री-वे (सलाईनच्या नळीला लावायच्या तीन तोंडी तोट्या) संपलेत. सिस्टीमवर शिल्लक शून्य, माल दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी आणि स्टोअरचा रात्रपाळीचा मुलगा वॉर्डावॉर्डात मागत फिरलो. दोन ठिकाणी "आमच्याकडे नाहीत हो" ऐकलं. तिसऱ्या, मेडिसिनच्या वॉर्डात, सिस्टर जरा घुटमळल्या आणि त्यांनी खालचा कप्पा उघडला. पुढे घडी घातलेल्या चादरी, मागे खोका. खोक्यात ६४ थ्री-वे. शेजारी ११ सेंट्रल लाइन किट (मोठ्या शिरेत नळी टाकायचं साहित्य), त्यातले चार मुदत संपलेले. आता या वॉर्डात सेंट्रल लाइन टाकतच नाहीत! विचारलं तर म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी एका रात्री आयसीयूत जागा नव्हती. पेशंट इथेच कोसळला. डॉक्टर लाइन टाकायला आले आणि किट वर येईपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून ठेवते."

यावर काय बोलणार. त्या रात्री स्टोअरला ड्यूटी कोणाची होती ते मी अजून रजिस्टर काढून बघितलेलं नाही.

तर प्रश्न असा, की असा साठा शोधायचा कसा, आणि शोधल्यावर त्याचं करायचं काय? जप्त करून आणला तर महिन्याभरात पुन्हा जमणार हे मलाही कळतं.

खतावणी
मी रुग्णालयाच्या हिशेब विभागात आहे, म्हणून आधी आमच्या बाजूचं पाप कबूल करतो. स्टोअरने वॉर्डाला वस्तू दिली की आमच्या लेखी ती संपली. खर्च टाकून मोकळे. ती पेशंटला लागली, कपाटात गेली की कचऱ्यात, ताळेबंदाला कळत नाही. म्हणजे तुमच्या सिस्टरच्या खोक्यातले ६४ थ्री-वे कागदावर अस्तित्वातच नाहीत. स्टोअरचा साठा पंधरा दिवसांचा दिसतो म्हणून सगळे खूश, आणि वॉर्डात आणखी महिन्याभराचा पडून असतो.

दुसरं म्हणजे, दहा टक्के कशाचे ते आजच लिहून घ्या. एकूण खर्चाचे म्हणाले तर फसलात. पेशंट वाढले की खर्च वाढणारच. एका भरलेल्या खाटेमागे दिवसाला किती साहित्य लागलं हा आकडा धरा, ओटीसाठी शस्त्रक्रियेमागे धरा, तेही प्रकारवार. गुडघा बदलणं आणि अपेंडिक्स एका सरासरीत घातलं तर ती सरासरी कोणाचीच नसते.

भांडारी
हे आधी कोणी सांगितलं असतं तर मागच्या वर्षीची बोलणी वाचली असती. मागच्या वर्षी आयसीयूच्या सहा खाटा वाढल्या आणि खर्च वाढला म्हणून खुलासा मागितला गेला माझ्याकडे.

रात्रपाळी
मी आयसीयू सिस्टर. भांडारीदादा, राग मानू नका, पण "साठेबाजी" म्हणणारे लोक पहाटे तीनला वॉर्डात नसतात. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणीपत्र, केलं २० चं, आलं १२. पुढच्या वेळी मी ३० लिहिते, म्हणजे २० तरी येतील. स्टोअरला वाटतं मागणी वाढली, ते जास्त मागवतात. मग एका आठवड्यात ३० च्या ३० येतात आणि ठेवायला जागा नसते. कुठे जाणार? चादरींच्या मागे.

आम्ही लपवत नाही, राखून ठेवतो. दोन्हीत फरक आहे.

अडगळ
रात्रपाळीताईंनी जे सांगितलं त्याला पुरवठ्याच्या शास्त्रात नाव आहे, बुलव्हिप. चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक सपकन फिरतं, तसं. वॉर्डात दोन नगांचा फरक, स्टोअरमध्ये वीसचा, पुरवठादाराकडे दोनशेचा. प्रत्येक जण आपल्या जागी शहाणपणानेच वागत असतो, हीच त्यातली गंमत.

मी तीस वर्षं हेच केलं, आता निवृत्त. तुम्ही एबीसी केलंच असेल. वर्षाच्या खर्चाप्रमाणे वस्तू उतरत्या क्रमाने लावायच्या. साधारण दहा टक्के वस्तू सत्तर टक्के पैसा खातात, त्या ए. तळाच्या सत्तर टक्के वस्तू मिळून दहा टक्के, त्या सी. मधल्या बी. कारखान्याला एवढं पुरतं. रुग्णालयाला नाही, कारण अ‍ॅड्रेनॅलिनचं अँप्यूल खर्चाच्या यादीत कुठेतरी तळाशी असतं आणि ते नसलं तर माणूस जातो. म्हणून दुसरी चाळणी लावायची ती व्हीईडीची. व्हायटल म्हणजे जिवावरची, एसेन्शियल म्हणजे गरजेची, डिझायरेबल म्हणजे असली तर बरी. आणि ही दुसरी यादी स्टोअरने एकट्याने करायची नाही. डॉक्टर आणि सिस्टर समोर बसवून करायची, नाहीतर ती कोणी मानत नाही. आमच्याकडे पहिल्या बैठकीत सगळ्यांनी सगळंच व्हायटल केलं होतं. दुसऱ्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला. ही वस्तू चार तास मिळाली नाही तर पेशंटचं काय होईल? यादी निम्म्यावर आली.

मग स्वस्त पण जिवावरची वस्तू भरपूर ठेवा, तिथे काटकसर म्हणजे मूर्खपणा. महाग आणि बिनमहत्त्वाची असेल तर ती ठेवायचीच कशाला, हे विचारा. खरी मेहनत महाग आणि जिवावरच्या वस्तूंवर. त्या आठवड्याला मोजा, हाताने मोजा. बाकीच्यांना वर्षातून एकदोनदा हात लावला तरी चालतो. वर्षअखेरीला स्टोअर दोन दिवस बंद ठेवून एकदम सगळं मोजायची पद्धत मी दहाव्या वर्षी बंद केली. दमलेला माणूस तिसऱ्या रॅकनंतर मोजत नाही, जुना आकडा उतरवून काढतो.

नवशिक्या
वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. किती शिल्लक राहिली की ऑर्डर टाकायची हे कसं ठरवता? आमच्या छोट्या दवाखान्यात "संपत आलं की" असं उत्तर आहे.

अडगळ
बाळबोध नाही, हाच प्रश्न आहे. समजा एक वस्तू रोज सरासरी २० लागते आणि माल यायला ७ दिवस लागतात. म्हणजे १४० शिल्लक राहिले की ऑर्डर? नाही. एखाद्या आठवड्यात रोज ३० लागतात आणि कधी माल यायला १२ दिवस लागतात. दोन्ही एकदमच झालं तर ३६०. सावध माणूस ३६० ला ऑर्डर टाकतो. यातले १४० रोजच्या वापराचे, उरलेले २२० भीतीचे. अकरा दिवसांचा माल निव्वळ भीतीपोटी पडून.

आता बघा. हाच माल कधीही ८ दिवसांच्या आत नक्की देणारा पुरवठादार मिळाला, तर ३० गुणिले ८, म्हणजे २४०. भीतीचा साठा २२० वरून १०० वर. म्हणून मी थोडा जास्त दर लावणारा पण दिलेली तारीख पाळणारा माणूस नेहमी पसंत करत असे. खरेदी समितीला हे पटवायला मात्र मला दोन वर्षं लागली, कारण तुलनातक्त्यात दराचा रकाना असतो, तारखेचा नसतो. मागच्या बारा ऑर्डरींत माल किती दिवसांनी आला, एवढा एक रकाना वाढवा. दराच्या शेजारी. पुढचं काम तो रकाना करतो.

एकदम किती मागवायचं यासाठीही सूत्र आहे, १९१३ साली फोर्ड हॅरिसने मांडलेलं. वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. त्यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मागणी चौपट झाली तरी ऑर्डर दुप्पटच होते. आणि ऑर्डर सूत्रापेक्षा दीडपट झाली तरी ऑर्डर टाकण्याचा आणि माल सांभाळण्याचा मिळून खर्च जेमतेम आठ टक्के वाढतो. म्हणजे दशांशचिन्हापर्यंत घाम गाळायची गरज नाही, खोक्याच्या आकड्याला बिनधास्त जुळवून घ्या.

गोळीबार
फार्मसीतून बोलतोय (टोपणनावावरून कळलं असेल). अडगळकाकांचं सूत्र सलाईनला, सिरिंजला ठीक. मुदत आली की कोसळतं. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवून. तांबड्या पेशी चांगल्या द्रावणात ४२ दिवस. तिथे वर्गमूळ काढत बसलात तर माल कचऱ्यात.

औषधांत आम्ही आधी आलेलं आधी देत नाही, ज्याची मुदत आधी संपते ते आधी देतो. आज आलेल्या बॅचची मुदत मागच्या महिन्यात आलेल्या बॅचच्या आधी संपते, असं सर्रास होतं. पुरवठादार आपली शिळी बॅच तुमच्याच गळ्यात मारणार, त्याला दुसरं कोण सापडणार? म्हणून ऑर्डरवर छापूनच टाका, मुदतीचा अमुक इतका काळ शिल्लक नसेल तर माल उतरवून घेणार नाही. आणि उतरवून घेताना वाचा. दुसऱ्या दिवशी वाचून उपयोग नाही, सही झालेली असते.

वॉर्डातली सर्वात महागडी गळती सांगू? उघडलेल्या व्हायल, म्हणजे औषधाच्या कुप्या. इन्सुलिनची व्हायल उघडल्यापासून साधारण २८ दिवस चालते. त्यावर उघडल्याची तारीख नसेल तर सकाळची सिस्टर ती फेकते आणि नवीन उघडते. तिचं चुकत नाही, तिने काय अंदाजाने द्यायची? चिकटपट्टी आणि पेन फ्रिजच्या दाराला दोरीने बांधा. आमच्याकडे एवढ्यावर इन्सुलिनचं इंडेंट डोळ्यांत भरेल इतकं उतरलं. पेन मात्र तीनदा चोरीला गेलं.

फ्रिज निघालाच आहे तर, काही लशी उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त लवकर खराब होतात. २ ते ८ अंश म्हणजे शून्यापेक्षा वर. बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेला खोका थंडगार दिसतो आणि आतला माल बाद झालेला असतो.

रात्रपाळी
पेन आमच्याकडेही. त्याची नोंद कुठल्या वर्गात, व्हायटल?

नवशिक्या
:) मग साठाच कमीत कमी ठेवावा, लागेल तसा रोज मागवावा, हे बरं नाही का? मोटारींचे कारखाने तसंच करतात म्हणे.

अडगळ
कारखान्यात पुढच्या महिन्यात किती गाड्या जोडायच्या हे ठरलेलं असतं. तुमच्या दारात उद्या कोण येणार?

आणि साखळी कुठे तुटेल सांगता येत नाही. २०१७ मध्ये पोर्टो रिकोत चक्रीवादळ आलं आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत सलाईनच्या छोट्या पिशव्या मिळेनाशा झाल्या, कारण त्या तिथे बनत होत्या. २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातला एकच कारखाना पाण्याखाली गेला, आणि त्या देशाचा जवळजवळ ६० टक्के सलाईनपुरवठा तिथून होत होता. मध्ये २०२२ ला शांघायच्या टाळेबंदीमुळे सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून टोचायचं औषध) जगभर दुर्मीळ झालं. २०२० चे मास्क तर सगळ्यांनाच आठवत असतील. साठा शून्यावर आणणारे त्या वर्षी शून्य घेऊनच बसले होते.

शहाणपण मधे कुठेतरी आहे. ज्या वस्तू एकाच ठिकाणी बनतात त्यांची यादी वेगळी ठेवा. तुमचे दोन पुरवठादार असतील, पण दोघेही एकाच कारखान्याचा माल विकत असतील तर ते दोन नव्हेत.

भांडारी
हे शेवटचं वाक्य वाचून सिस्टीम उघडली. कॉन्ट्रास्टला माझे तीन पुरवठादार आहेत. तिघांचीही कंपनी एकच.

कापाकापी
सर्जन आहे. या चर्चेच्या धाग्यात अजून कोणी सर्जनांना शिव्या कशा दिल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतंय.

खतावणी
तुम्ही येण्याची वाट बघत होतो डॉक्टर. आमच्याकडे एकाच मापाचा, एकाच जातीचा, टाक्यांचा अंगात शोषला जाणारा धागा चार कंपन्यांचा घ्यावा लागतो, कारण चार सर्जन आहेत. दोन कंपन्यांवर आलो तर दरही सुटतो आणि रॅकही. कोणी ऐकत नाही.

कापाकापी
कारण तुम्ही सांगायला येता तेव्हा हातात फक्त दराचा कागद असतो. मागे एकदा स्वस्त धागा आणला. सुई तिसऱ्या टाक्याला वाकायची. एका पाकिटाच्या जागी दोन उघडायचो. स्टोअर म्हणायचं बचत झाली, कारण बचत दरात मोजली होती, पाकिटं कोणी मोजलीच नाहीत.

कॅन्युलाचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत टोचायच्या नळीचं घ्या. समजा नवीन वीस टक्क्यांनी स्वस्त आहे, पण दहा पेशंटांत तिघांना पुन्हा टोचावी लागते. दहाच्या जागी तेरा लागल्या. तेरा गुणिले शून्य पूर्णांक आठ म्हणजे १०.४. महाग पडली! सिस्टरचा वेळ आणि पेशंटचे हाल धरलेच नाहीत. तेव्हा वस्तू बदलायची असेल तर आधी पन्नास नग द्या, दोन आठवडे वापरू, किती वाया गेले ते लिहून देऊ. मग बसू. मी तरी हो म्हणेन. माझे सगळे सहकारी म्हणतील असं लिहून देत नाही.

उलट आमची चूकही सांगतो. कुठल्या शस्त्रक्रियेला काय काढून ठेवायचं याचं ओटीत प्रत्येक सर्जनचं कार्ड असतं. माझं कार्ड मी सात वर्षांनी पाहिलं. त्यात एक स्टेपलर होता जो मी शेवटचा कधी वापरला ते आठवत नाही. दर केसला ट्रॉलीवर यायचा, परत जायचा. बरं, तो तरी बंद यायचा. पण "लागलं तर असू दे" म्हणून निर्जंतुक पाकीट फाडलं की ते संपलंच, वापरा नाहीतर फेका. ओटीच्या सिस्टरला सांगितलं, ही सहा पाकिटं खोलीत ठेवा पण मी मागेपर्यंत फाडू नका. एवढंच. आणि सोडून गेलेल्या दोन सर्जनांची कार्डं अजून चालू होती, त्यांच्या जागी आलेल्यांनी तीच पुढे चालवली होती.

रात्रपाळी
कापाकापीसर, तुमच्यासारखं लेखी आणखी दोघांकडून मिळवून द्या. आमच्या ओटीत फ्रेम करून लावतो.

बारकोड_बाबा
रुग्णालयांसाठी साठ्याचं सॉफ्टवेअर बसवतो. सगळ्यांना वाटतं बारकोड लावला की प्रश्न सुटला. मी जिथे जातो तिथे पहिले तीन महिने बारकोड नाही, एकक सुधारण्यात जातात. ग्लव्हज खरेदी खोक्यात, खोक्यात ५० जोड्या. माल घेणाऱ्याने १० टाकलं. वॉर्डाने मागितल्या ५० जोड्या, देणाऱ्याने ५० टाकलं. शिल्लक, उणे ४०. खोके समोर रचलेत आणि संगणक म्हणतो चाळीस देणं लागतो. मग सिस्टीम आपोआप ऑर्डर टाकते आणि अजून माल येतो. उणे शिल्लक असलेल्या वस्तूंची यादी आज काढा भांडारीसाहेब, निम्म्या तरी एककाच्या गोंधळाच्या निघतील.

आता खरंच बारकोड. वैद्यकीय वस्तूंवर तो छोटा चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो, त्यात वस्तूचा क्रमांक, मुदत, बॅच, कधी अनुक्रमांक असं सगळं असतं. ०१ नंतर वस्तूचा चौदा अंकी क्रमांक, १७ नंतर मुदत, १० नंतर बॅच, २१ नंतर अनुक्रमांक. मुदत वर्ष-महिना-दिवस अशी सहा अंकांत. काही उत्पादक दिवसाच्या जागी ०० टाकतात. त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. एका ठिकाणी आधीच्या सॉफ्टवेअरने ०० ही चुकीची तारीख समजून मुदतच कोरी सोडली होती. मुदत नाही म्हणजे इशारा नाही. दीड वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. कॅथेटरचा एक अख्खा कप्पा गेला.

आणि डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी, वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी असते ती मुदत. कारखान्याच्या चिन्हाशेजारी असते ती बनवल्याची तारीख. नवीन मुलं घाईत कारखान्याची तारीख वाचून चांगला माल बाद करतात. दोन्ही चिन्हं मोठी छापून स्टोअरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

खतावणी
इम्प्लांटचं कोणी बोललं नाही. स्टेंट, सांधे, स्क्रू. यात सगळी मापं ठेवावी लागतात आणि कुठलं लागेल ते टेबलावर कळतं. विकत घेऊन ठेवायचं तर दिवाळं. म्हणून कंपनीचा माल आपल्या कपाटात, वापरला तरच बिल. ऐकायला फुकट वाटतं. पण हरवला तर कोणाचा, मुदत संपली तर कोणाचा, हे करारात नसेल तर ते तुमचंच. दर महिन्याला कंपनीचा माणूस आणि तुमचा माणूस, दोघांनी मिळून मोजा आणि दोघांनी सही करा. कमी खपणारी मापं मुदतीच्या सहा महिने आधी बदलून घ्यायची अट घाला. आणि केस झाल्यावर दर ठरवायला बसू नका. तेव्हा वस्तू पेशंटच्या अंगात असते, घासाघीस कसली करणार?

भांडारी
सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून घेतलीय. काहीतरी करून बघतो आणि इथेच येऊन सांगतो.

भांडारी
दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

पहिली गोष्ट, जप्ती केली नाही. मेट्रनबाईंना भेटलो आणि एक पंधरवडा जाहीर केला. वॉर्डातलं काहीही परत द्या, नाव लिहिणार नाही, कारण विचारणार नाही, मुदत संपलेलं असलं तरी बोलणार नाही. पहिले चार दिवस काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी एका वॉर्डाने ट्रॉली भरून आणली, मग रांग लागली. स्टोअरचा मागचा व्हरांडा भरला. सक्शन कॅथेटर एवढे, की चार महिने ऑर्डर टाकायची नाही. युरिन बॅग, ड्रेसिंग, बाद झालेल्या मॉनिटरच्या केबल. सोडून गेलेल्या एका डॉक्टरांच्या नावाचा सीलबंद खोका, आत काय ते त्यांनाही आठवणार नाही. मुदत संपलेलं वेगळं काढलं, त्याची किंमत काढली आणि तो आकडा व्यवस्थापनाला स्वतःहून दिला. बोलणी खाल्ली. पण आकडा आमच्याकडून गेला, ऑडिटकडून नाही.

दुसरी गोष्ट रात्रपाळीताईंमुळे. इंडेंट २० चं आलं तर २० च देतो. नसेल तर १२ द्यायचे आणि उरलेले ८ कोणत्या दिवशी मिळतील ते चिठ्ठीवर लिहायचं. तारीख पाळता आली नाही तर फोन आम्ही करायचा, त्यांनी नाही. स्टोअरच्या पोरांनी सुरुवातीला कुरकूर केली. आता फुगवलेली इंडेंटं हळूहळू कमी होतायत. दोन वॉर्ड अजून दीडपटच लिहितात, तिथे आमच्या आधीच्या वागण्याचं बिल मोठं असणार.

तिसरं, रोज लागणाऱ्या ४० वस्तूंना प्रत्येक वॉर्डात दोन डबे. पुढचा संपला की त्याचं कार्ड इंडेंटच्या पेटीत टाकायचं आणि मागचा डबा पुढे ओढायचा. मोजणी नाही, लिहिणं नाही. डब्यात किती हे त्या त्या सिस्टरने ठरवलं, मी नाही. सहा वॉर्डांत चाललं. बालरोग विभागात पडलं. तिथे मुलं डब्यांतली कार्डं पळवतात. तिथे आता वेगळं काहीतरी करावं लागेल, सुचवा.

बारकोड_बाबा, उणे शिल्लक ५७ वस्तूंची निघाली, त्यातल्या ४१ एककाच्या. तुम्ही निम्म्या म्हणाला होतात, आमची हौस जास्त.

टाक्यांच्या धाग्याचं अजून अडलंय. सर्जन पन्नास नग वापरून बघायला तयार झाले, पण वाया गेलेली पाकिटं कोणी लिहायची यावर वाद सुरू आहे.

खतावणी
आणि दहा टक्के?

भांडारी
भरलेल्या खाटेमागे या दोन महिन्यांत सहा. पण त्यातला मोठा भाग कपाटांतून निघालेला माल आहे, तो एकदाच वापरता येतो. खरा आकडा तो संपल्यावर, चारेक महिन्यांनी कळेल. व्यवस्थापनालाही तसंच लेखी कळवलंय, नाहीतर पुढच्या वर्षी हाच सहाचा आकडा माझ्या उरावर बसेल.

गोळीबार
हे लिहून दिलंत ते फार बरं केलंत. बालरोग विभागात कार्डाऐवजी डब्याच्या झाकणावर मोठी रंगीत पट्टी लावा. डबा रिकामा झाला की झाकण उलटं ठेवायचं, तुमचा मुलगा सकाळच्या फेरीत बघून घेईल. मुलं पट्टी नेत नाहीत. बहुतेक.

रात्रपाळी
दादा, त्या मेडिसिनच्या सिस्टरांचं काय झालं? चादरींच्या मागचं सगळं दिलं का त्यांनी?

भांडारी
६४ च्या ६४ थ्री-वे आणि किटही. तारीख संपलेले चार आम्ही बाद केले. जाताना एक चांगलं किट मात्र त्यांनी उचलून परत घेतलं. म्हणाल्या, "हे एवढं राहू द्या." मी नाही म्हटलं नाही. त्या वॉर्डाच्या साठ्यात एक किट अधिकृत केलं, मुदत टाकली, ती संपायच्या तीन महिने आधी बदलून द्यायचा इशारा लावला. आता ते ताळेबंदालाही दिसतं, खतावणीसाहेब.

रात्रपाळी
कुठे ठेवलंय पण? क्रॅश कार्टवर, म्हणजे इमर्जन्सीच्या ट्रॉलीवर?

भांडारी
मी तेच सुचवलं होतं. नको म्हणाल्या, तिथून कोणीतरी उचलून नेईल. म्हणून सिस्टीममध्ये जागेच्या रकान्यात लिहिलंय, "खालचा कप्पा, चादरींच्या मागे".